तात तुझी होती, जना

जना, शाळेपासून मी तुला 'मेल्या' म्हणत आले. आता खरोखर गेलास आणि जाताना माझी हक्काची शिवीही घेऊन गेलास. या दिवसांत दोनदा तोंडाशी आली, दोनदा गिळली. शेजारची म्हणते, "रेखाताई, रडून घ्या जरा, मोकळं वाटेल." रडू कशाला? मला राग आलाय. ज्याच्याशी भांडण अर्ध्यावर आहे त्यानं असं मधूनच उठून जायचं, ही कुठली रीत?

रविवारी वळ गावातल्या तुझ्या गोडाऊनमध्ये शोकसभा झाली. खोक्यांच्या थप्प्या बाजूला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. तुझा लग्नातला फोटो मोठा करून लावला होता, तोच तो, मिशीवाला. एकेक जण उठून बोलत होता. शेठ दिलदार होते. शेठ कलेचे भोक्ते होते. शेठनी भिवंडीचं नाव काढलं. मी व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन माझी पाळी येईपर्यंत ऐकत बसले होते. एकानंही म्हटलं नाही की हा माणूस हट्टी होता, तोंडानं फटकळ होता, आणि स्वतःची चूक कबूल करायची वेळ आली की याची दातखीळ बसायची. म्हणून आज लिहायला घेतलंय. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. अरे, पण होतास तेव्हा तरी कुणाला बोलू दिलंस?

सगळं सुरू झालं तेही त्याच गोडाऊनमध्ये. परदेशी लोकांचं घरसामान ठेवणारा एक भाडेकरू गाशा गुंडाळून गेला आणि चार लाकडी खोकी मागं राहिली. कित्येक वर्षं कोणी न्यायला आलं नाही, तेव्हा तू एक फोडलंस. आत निघालं सहा तारांचं वाद्य, सारंगी आणि चेलोच्या मधलं काहीतरी, मानेच्या टोकाला कोरलेलं बाईचं डोकं. तुझा फोन आला, "रेखे, तुझ्या व्हायोलिनची आजी गावलीय. ये बघायला." मी हॉस्पिटलची ड्युटी संपवून रिक्षानं आले. मोबाइलवर शोधून शोधून नाव कळलं, व्हायोला दा गांबा. गुडघ्यांत धरून गजानं वाजवायची. तिच्या तारा धातूच्या नसतात, बकऱ्या-मेंढ्यांच्या आतड्याच्या असतात. आपल्याकडे त्याला तात म्हणतात. ती व्हायोलिनची आजी नव्हे, लांबची मावशी, हे सायमन सरांनी नंतर समजावून सांगितलं. तू मात्र शेवटपर्यंत आजीच म्हणालास. ऐकशील तर शपथ.

त्या दिवसापासून तू वेडा झालास. गोडाऊनच्या भाड्यावर बसून खाणारा माणूस तू, सातबारे आणि भाडेकरार सोडून कागद कधी हातात धरला नव्हतास, तो तीनशे वर्षांपूर्वीच्या स्वरलिप्या उलगडत बसायला लागलास. वसईच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या सायमन सरांना गाठलंस. ते बिचारे दर रविवारी प्रार्थना आटोपून गाडीनं खारबाव स्टेशनला उतरायचे आणि तू त्यांना आणायला जायचास. त्यांच्यासाठी पॉवरलूमचं लाकूडकाम करणाऱ्या सुताराकडून हार्पसिकॉर्ड करून घेतलंस, पियानोसारखं दिसणारं पण आतल्या तारा पिसाच्या टोकानं छेडणारं. शबाना उर्दू शाळेत शिकवते, तिला उभी लाकडी बासरी शिकायला लावलीस. आणि मी. बाबांच्या गायन पार्टीत लहानपणापासून व्हायोलिन वाजवायचे, जयंतीला, लग्नाला, बारशाला. ती पार्टी कधीच बंद पडली होती आणि व्हायोलिन कपाटावर धूळ खात होतं. ते तू खाली काढायला लावलंस. हे तुझे उपकार. मोजून एकदाच लिहितेय, परत मागू नकोस.

त्या जुन्या लोकांचा सूर म्हणे आजच्यापेक्षा अर्ध्या स्वरानं खाली. आज बाजाच्या पेटीवर पांढरी सहा ही पट्टी दाबतो तिथं त्यांची काळी चार. म्हणून तू आपल्या चौघांच्या मंडळाचं नावच 'काळी चार' ठेवलंस. शबाना म्हणाली, "दादा, लोग हमारा रंग देखेंगे और हँसेंगे." तू म्हणालास, "हसू दे. हसाया तरी येतील." माझे कान पांढरी सहात वाढलेले, मी सारखी वर सरकायचे आणि तू गज उगारून ओरडायचास, "चढलीस! परत चढलीस! खाली ये!" पन्नाशीच्या बाईला असं ओरडतात का रे? घरी येऊन मी भांडी आपटायचे आणि बाबा विचारायचे, आज किती वेळा चढलीस.

तुला एकदा मी नको ते बोलले होते, आठवतं? तुझ्या त्या जुन्या सुराच्या कौतुकानं डोकं उठलं होतं. म्हटलं, "स्वतःच्या बापानं खणलेली विहीर बुजवून वर गोडाऊन बांधलंस, भाताची खाचरं सिमेंटखाली घातलीस, घराचं कौल एक शिल्लक ठेवलं नाहीस, आणि परक्यांच्या आज्यांचे गज पुसत बसतोस होय?" मला वाटलं तू उसळशील. तू गांबाच्या खुंट्या पिळत खाली मान घालून म्हणालास, "म्हनून तर." बस, दोन शब्द. ते भांडणही तसंच राहिलंय.

गांबाला आणि माझ्या व्हायोलिनलाही बाहेरून मागवलेल्या ताती खाडीच्या हवेत महिनाभर टिकायच्या नाहीत. मग तुझ्या डोक्यात आलं की आपणच करू. खाटकाच्या दुकानातून बादलीभर आतडी आणलीस. सुमनवहिनींनी तुला घराच्या आवारातही येऊ दिलं नाही, "त्या घानीसकट लांब व्हा" म्हणाल्या. गोडाऊनच्या मागं नळाखाली बसून आपण दोघांनी ती धुतली, खरवडली. मी हॉस्पिटलचे मोजे घालून, तू उघड्या हातांनी. आठवडाभर हाताचा वास जात नव्हता. पण पीळ काही जमेना. सुकली की उलगडायची नाहीतर गाठी पडायच्या. तेव्हा मीच म्हटलं, माझ्या बापाला विचार. बाबांनी हयातभर कामतघरला डबलिंगमध्ये काम केलं, दोन पदरी सुताला पीळ द्यायचं. त्यांच्या बोटांना पीळ कळतो.

तू गाडी घेऊन आमच्या चाळीत आलास, बाबांना पुढच्या सीटवर बसवून वळला नेलंस. भंगारातलं पीळ द्यायचं चाक आणलं होतंस, बाबांनी ते तेलपाणी करून चालतं केलं आणि खुर्चीत बसून तुला शिकवलं. "ओल्यातच पील द्यायचा, जनूशेठ. आनि वालवायचं सावलीत. तीन दिस, चार दिस, लागतील तेवडे. घाई केली का पील रुसतो." त्यांनी तुला शेठ म्हटलेलं मला सहन व्हायचं नाही. पण तू त्यांना बाबा म्हणायचास, माझ्यासारखंच, आणि त्यांच्या समोर जमिनीवर बसायचास. तुझ्या पहिल्या अखंड तातीवर गज फिरवला तेव्हा बाबांनी डोळे पुसले. काम सुटल्यापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. ते मला दिसत होतं. त्यासाठी मी तुझे शंभर अपमान गिळले असते. एक सोडून.

आणि तो कपाचा विषय. पहिल्या रविवारी तुझ्या काकीनं सगळ्यांना स्टीलच्या पेल्यातून चहा दिला आणि मला वेगळ्या, कान तुटलेल्या कपातून. माझं आडनाव तिला आधीच कुणीतरी सांगितलं असणार. मी तो कप तसाच ठेवला. तुझ्या लक्षात आलं. पुढच्या रविवारपासून तुझ्यासकट सगळ्यांना कागदी कप. स्टीलचे पेले गोडाऊनमध्ये परत दिसले नाहीत. तुला वाटलं असेल, मिटलं. पण काकीला दोन शब्द सुनावायची हिंमत झाली नाही ना तुझी? मला एकदा "चुकलं" म्हणायची? तू असाच होतास. हातानं करायचास, तोंडानं मरेपर्यंत बोलायचा नाहीस. आणि मला तोंडानं हवं होतं, जना. काही गोष्टी तोंडानंच बोलाव्या लागतात.

आता त्या दिवसाचं. शाळेच्या हॉलमध्ये आपला पहिला मोठा कार्यक्रम. वळची माणसं आली होती, आमची चाळ आली होती, शबानाच्या शाळेतल्या बाया आल्या होत्या. तिसऱ्या रांगेत बाबा, पांढरा शर्ट, खिशाला पेन, शेजारी त्यांच्या गायन पार्टीतले दोन म्हातारे. पडद्यामागं मी तुला माझी वरची तार दाखवली. सगळ्यात बारीक ती, करायला सगळ्यात अवघड. तिला केस सुटले होते, बारीक धागे उभे राहिलेले. तातीला केस सुटले की ती जाणार, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं.

"कधी वालवलीस?" मी विचारलं. तुझ्याशी बोलताना मीही तुझ्यासारखीच बोलायचे.

"परवा."

"कुठं?"

तू नजर चोरलीस. "पत्र्यावर. वेल न्हवता, रेखे. न्हाय तुटत. वाजव."

दुसऱ्याच रचनेत ती तुटली आणि गालावर सपकन बसली. लोकांना वाटलं, संपलं. सायमन सर शहाणे, त्यांनी एकट्यानं हार्पसिकॉर्ड चालू ठेवलं. तुझी दुसरी तात नव्हतीच. माझ्या पेटीत बाबांची जुनी स्टीलची तार होती, ती मी दोन मिनिटांत चढवली आणि परत येऊन बसले. चार ओळी वाजवल्या असतील. कबूल, तातींच्या मध्ये ती तार भातात खडा लागावा तशी लागत होती. पण कार्यक्रम तर चालला होता! तू गज खाली ठेवलास. उभा राहिलास. सगळ्यांसमोर म्हणालास, "माफ करा. आमच्यात लोखंडी तार चालत नाही. यांनी नियम मोडला. पुढचं आम्ही यांच्याशिवाय वाजवू."

'यांनी.' चाळीस वर्षांच्या ओळखीची रेखी एका मिनिटात 'यांनी' झाली. अरे, तात तुझी होती! पत्र्यावर तू वाळवलीस, वाजव तू म्हणालास, आणि नियम मी मोडला?

स्टेजला मागून दार नव्हतं. पेटी उचलून पुढच्या पायऱ्यांनी उतरले, मधल्या वाटेनं चालत गेले. तिसरी रांग आली तशी बाबा उठले. त्यांचे दोन म्हातारेही उठले. चाळीत दुसऱ्या दिवशी बायका म्हणाल्या, रेखाचं काहीतरी चुकलं म्हणे. बाबांनी मान हलवली आणि आत गेले. तेव्हापासून दोन वर्षं त्यांनी मला विचारलं नाही की तात कुणाची होती.

मी का नाही सांगितलं? कारण ते तू सांगायचं होतंस. कामतघरला यायचं, आमच्या ओट्यावर बसायचं आणि बाबांच्या तोंडावर म्हणायचं, तात माझी होती, तुमचं ऐकलं नाही, पोरीचा दोष नाही. एवढंच. बाकी मला काही नको होतं, माळ नको, माफी नको. दोन वर्षं मी रिक्षाचा आवाज आला की दाराकडं बघायचे. तू आला नाहीस. शबानाजवळ मात्र म्हणालास म्हणे, "रेखी येल आपोआप." आपोआप!

आलास तो हॉस्पिटलात. मी एक्स-रेच्या खोलीत होते, यादीत तुझं नाव वाचलं, वाटलं दुसरा कोणी असेल. दार उघडलं तर तू, निम्मा झालेला. आपण एकमेकांकडं बघितलं. मी म्हटलं, "शर्ट काढा. गळ्यातली चेन काढा. हनुवटी इथं टेकवा." तूही शहाण्या पेशंटसारखं केलंस सगळं. काचेमागून मी म्हटलं, "श्वास घ्या. रोखा." तू रोखलास. "आता सोडा." शर्टाची बटणं लावत दारापर्यंत गेलास आणि वळून म्हणालास, "रेखे, तुझा आवाज अजून पांढरी सहातच हाय."

मी म्हटलं, "पुढचा पेशंट."

हेच आपलं शेवटचं बोलणं. काय शोभा! तू गेलास आणि मी पडद्यावर तुझी छाती बघत बसले. पंचवीस वर्षं छात्या बघतेय, मला रिपोर्टची वाट बघावी लागत नाही. त्या संध्याकाळी फोन हातात घेतला, तुझं नाव काढलं, आणि म्हटलं, नाही, आधी तू. रोज म्हटलं, आधी तू. मला माहीत होतं तुझ्याकडं दिवस किती आहेत, तुला तरी कुठं नीट माहीत होतं? आणि तरी मी थांबले. ही माझी चूक. घे, कबूल केली. बघितलंस किती सोपं असतं? मरत नाही माणूस त्यानं.

दहाव्यानंतर सुमनवहिनी आमच्याकडं आल्या. हातात कागदात गुंडाळलेली एक तात आणि तुझी वही, जिच्यात तू प्रत्येक तातीचं लिहून ठेवायचास, किती पदर, कुठं वाळवली, कधी तुटली, का तुटली. वहिनी म्हणाल्या, "हॉस्पिटलात जायच्या आदी ही केली. म्हनाले, रेखीला दे. वाजव म्हनावं."

"अजून काय म्हणाले?"

"काय न्हाय."

विचारायलाच नको होतं. बाबांनी ती तात हातात घेतली. त्यांना आता दिसत कमी, त्यांनी ती अंगठा आणि बोटामधून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली, नाकाजवळ नेली. "ही सावलीतली हाय," म्हणाले. "चार दिस तरी ठेवलेली. घाई न्हाय केली." आणि परत माझ्याकडं दिली.

वहिनी गेल्या तशी मी वही उघडली. त्या दिवसाचं पान शोधलं. म्हटलं, इथं तरी लिहिलं असशील, इथं कोण बघणार होतं? तुझ्या त्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'वरची. रेखाची. तुटली. हवा दमट.'

हवा! वही भिंतीवर फेकली मी. स्वतःच्या वहीत, स्वतःशी, तुला खरं लिहवलं नाही. खाडीवरून आलेल्या हवेवर ढकललंस! बाबा म्हणाले, काय झालं, तर म्हटलं पाल होती.

म्हणून रविवारी मी तुझी ती तात चढवून आले, जना. श्रद्धांजलीला नाही आले. मी ठरवून आले होते. तुझी वरची तात कधी टिकली होती? ही पण तुटेल. भर सभेत, तुझ्या फोटोसमोर, सगळ्या दिलदार-बिलदार म्हणणाऱ्यांसमोर तुटेल, आणि मग मी उभी राहीन आणि सांगेन, ही तात याची आहे, तेव्हाचीही याचीच होती. पहिल्या रांगेत बाबांना आणून बसवलं होतं, त्याच पांढऱ्या शर्टात. मी नवस करणाऱ्यातली नाही, नाहीतर तुटू दे म्हणून नवस बोलले असते.

सायमन सरांनी तुझा भाग डाव्या हातात घेतला होता. शबानानं डोळ्यांनी खूण केली. सूर लावला, काळी चार. तुझी ती आवडती संथ रचना, जिच्यात वरची तार सतत ओढलेली राहते, दम म्हणून मिळत नाही तिला. मी मुद्दाम जोर लावून वाजवलं. एक पान गेलं, दुसरं गेलं. ती तुटेना. उलट गाऊ लागली. त्या पत्र्याच्या शेडमध्ये, त्या खोक्यांच्या मध्ये, एवढीशी बारीक तात, पण शेवटच्या खुर्चीवरचा हमालसुद्धा मान वर करून बघायला लागला. इतकी गोड तार तू आयुष्यात केली नव्हतीस, मेल्या. निघाली शिवी. मग मला पुढचं पान दिसेना, पाठ होतं म्हणून वाजलं. रडलेच, घे. आणि एकदाही चढले नाही. तू ऐकायला हवं होतंस, एकदाही चढले नाही रे.

शेवटचा सूर संपला, तात शाबूत. माझं वाक्य घशातच राहिलं. बाबांना घेऊन घरी आले, पेटी कपाटावर ठेवली, तुझ्यावर अजूनच चिडले.

आज शुक्रवार. लूम बंद, कामतघर गप्प. बाबा खाटेवर बसून लसूण सोलत होते, मी डाळ निवडत होते. कपाटावरून आवाज आला, टण्. बाकीच्या दिवशी खटखटीत ऐकूही आला नसता.

"काय तुटलं?" बाबा म्हणाले.

मी पेटी खाली काढली, उघडली. "तात, बाबा. वरची."

त्यांनी लसणाची वाटी बाजूला ठेवली. "कोनाची व्हती?"

दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यांनी. मी इतक्यांदा हे उत्तर मनात घोळवलं होतं, ओरडून, टेबल आपटून.

"जनाची," मी म्हणाले.

"आनि तवाची? शालेतली?"

"तीपण त्याचीच. पत्र्यावर वाळवलेली."

बाबांनी हातावरची लसणाची सालं झटकली. मग म्हणाले, "सांगितलं व्हतं मी त्याला." पुढं म्हणाले, "दुसरी हाय का त्याची? चडव."

"न्हाय, बाबा. संपल्या."

त्यांनी हात पुढं केला. मी तुटलेलं टोक त्यांच्या बोटांत दिलं. त्यांनी ते चाचपलं, पीळ उलगडून बघितला, परत बसवला.

"ही तर सावलीतली," ते म्हणाले. "पील बराबर हाय. मंग ही कशानं तुटली?"

"हवा दमट आहे, बाबा," मी म्हणाले.